लालबागचा आमचा टू बीएचके विकायचाय: फोनवर सगळे विचारतात ते प्रश्न

जाहिरात टाकल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत आणि प्रत्येकाला घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं, म्हणून इथे सगळं एकदाच नीट लिहून ठेवतेय. वाचून मग फोन करा, दोघांचाही वेळ वाचेल. जे चांगलं आहे ते लिहिलंय आणि जे नाही तेही लिहिलंय, कारण घर बघायला आल्यावर ते दिसणारच आहे.

फ्लॅट नक्की कुठे आहे आणि कसा आहे?

लालबाग, डॉ. आंबेडकर रोडवरून आत गल्लीत. करी रोड स्टेशन चालत सात-आठ मिनिटं, भारतमाता त्याच्या आधीच लागतं. इमारत चौदा मजली, आपला फ्लॅट नववा मजला, ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र २०१० चं. हॉल, किचन, दोन बेडरूम, दोन टॉयलेट-बाथरूम, त्यातलं एक अटॅच्ड. बाल्कनी नाही, हॉलच्या खिडकीला बॉक्स ग्रिल आहे तेवढंच.

कार्पेट किती?

६१० स्क्वेअर फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहिलेलं. काही ब्रोकर लोकांनी आमच्याच फ्लॅटचे फोटो उचलून ८५० फूट म्हणून टाकलेत, ते कुठला तरी सुपर बिल्टअपचा, म्हणजे जिना-लिफ्टची जागाही मोजलेला, आकडा धरून. तसलं काही मनावर घेऊ नका, महारेरा आल्यापासून म्हणजे २०१७ पासून बिल्डरलासुद्धा कार्पेटवरच विकावं लागतं, मग रिसेलमध्ये आपण तरी फुगवलेले फूट का मोजायचे. टेप घेऊन या, मोजून बघा, मला अजिबात राग येणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, दुसरी बेडरूम लहान आहे, ९ बाय १०. डबल बेड बसतो पण मग कपाट स्लायडिंगचंच लागतं, कारण उघडायच्या दाराचं कपाट बेडला आपटतं. मुलांची खोली किंवा आजी-आजोबांची खोली म्हणून मस्त आहे. सकाळचं ऊन तिथेच येतं.

किंमत किती आणि कमी होईल का?

२ कोटी २५ लाख. थोडं इकडेतिकडे होईल, बसून बोलू, पण फोनवर "लास्ट किती" विचारू नका प्लीज, घर न बघता लास्ट काय सांगणार.

आणि कॅश शून्य. रोज एक तरी जण विचारतो की किती व्हाइट किती ब्लॅक. सगळं व्हाइट, सगळं बँकेतून. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याच्यावर रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. आणि दंड नसता तरी मी घेतली नसती, कारण पुढे तुम्हाला विकायची वेळ आली की कमी दाखवलेल्या किमतीमुळे टॅक्स तुमच्याच गळ्यात पडतो.

२.२५ च्या वर अजून किती लागतात?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि इथेच बजेट कोसळतं, म्हणून सविस्तर लिहिते. मुंबईत स्टॅम्प ड्युटी ५ टक्के आणि वर १ टक्का मेट्रो सेस असे ६ टक्के, म्हणजे १३ लाख ५० हजार. घेणारी फक्त बाई असेल (किंवा सगळ्या बायकाच असतील) तर १ टक्का सूट, म्हणजे ११ लाख २५ हजार, सव्वादोन लाख वाचले. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सूट मिळत नाही, त्यामुळे घरी आधी ठरवा. रजिस्ट्रेशन ३० हजार, त्याच्यावर नाही. शिवाय वकील, बँकेची प्रोसेसिंग फी.

आता लोन. ७५ लाखाच्या वरच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ७५ टक्के देते, तो रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. म्हणजे १ कोटी ६८ लाख ७५ हजार लोन धरलं तर ५६ लाख २५ हजार स्वतःचे, त्यात स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन मिळवा, झाले ७० लाख. स्टॅम्प ड्युटीला बँक लोन देत नाही. हे ७० लाख हातात असतील तरच पुढे जाऊ, कारण एक पार्टी आमच्याकडे अडीच महिने थांबून शेवटी याच आकड्यावर मागे फिरली, त्यांनाही वाईट वाटलं आणि आमचाही तेवढा वेळ गेला.

अजून एक, ५० लाखाच्या वर खरेदी असली की १ टक्का टीडीएस म्हणजे आमच्या नावचा टॅक्स तुम्हाला आमच्या पैशातून कापून भरायचा असतो, इथे २ लाख २५ हजार. हे तुमच्यावर जास्तीचे नाहीत, आमच्या रकमेतूनच जातात, पण भरायची जबाबदारी तुमची. विसरलात तर व्याज आणि दंड तुम्हाला.

हा एसआरएचा फ्लॅट आहे का?

नाही, एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतला नाही. दहातले आठ जण हे विचारतात, कारण गिरणगावात टॉवर दिसला की लोक एसआरए समजतात. इथे आमची जुनी चाळ होती, उपकरप्राप्त म्हणजे सेसची इमारत, तिचा रिडेव्हलपमेंट ३३(७) खाली, म्हणजे अशा जुन्या इमारतींसाठीच्या नियमाखाली झाला. एसआरएमध्ये मिळालेलं घर काही वर्षं विकता येत नाही, आमच्या कागदात तसलं काही बंधन नाही.

चाळीतली खोली १० बाय १२ ची होती. रिडेव्हलपमेंटमध्ये भाडेकरू म्हणून जेवढं फुकट मिळणार होतं त्यात टू बीएचके होत नव्हता, म्हणून बाबांनी गावची थोडी जमीन विकून बाकीचं क्षेत्र बिल्डरकडून विकत घेतलं. अ‍ॅग्रीमेंट एकच आहे, त्यात मोफत क्षेत्र आणि विकत घेतलेलं क्षेत्र दोन्ही वेगवेगळं लिहिलंय, प्लॅनवरही हा एकच फ्लॅट आहे, दोन जोडलेले नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण आसपास दोन छोटे रिहॅबचे (जुन्या भाडेकरूंना मिळालेले) फ्लॅट मधली भिंत पाडून "टू बीएचके" म्हणून विकतात आणि मंजूर प्लॅनमध्ये ती भिंत तशीच असते, मग बँक नाही म्हणते. कुठलाही फ्लॅट घ्या, पण मंजूर प्लॅन मागा.

मालक कोण? कागदपत्रं क्लिअर आहेत ना?

फ्लॅट आधी बाबा आणि आई दोघांच्या नावावर होता. बाबा गेल्यावर आई नॉमिनी होती, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे लोकांना माहीतच नसतं. बाबांच्या हिश्श्यात आई, मी आणि धाकटा भाऊ असे तिघं वारस. आम्ही दोघांनी आमचा हक्क आईच्या नावे सोडला आणि ते हक्कसोडपत्र रीतसर रजिस्टर केलंय. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर आता एकट्या आईचं नाव आहे. सही आईच करणार.

काय काय दाखवू: बिल्डरबरोबरचं मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू, ओसी, हक्कसोडपत्र, बाबांचा मृत्यू दाखला, शेअर सर्टिफिकेट, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, लाइट बिल, सोसायटीचं नो ड्यूज. लोन कुठलंही नाही. तुमच्या वकिलाकडून सर्च म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी करून घ्या, मी झेरॉक्स आनंदाने देईन, फक्त आधी घर बघा आणि खरंच घ्यायचं आहे असं वाटलं की मागा. ओरिजिनल आमच्यासमोर बसून बघायचे.

कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का, हेही विचारा, कोणी विचारत नाही. आमच्या सोसायटीचं डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे सरकारी ऑफिसातून करून घेतलेलं, झालंय, त्यासाठी सेक्रेटरी काकांनी वर्षानुवर्षं ऑफिसांचे जिने चढलेत. प्रॉपर्टी कार्डवर सोसायटीचं नाव आहे, उद्या पुन्हा रिडेव्हलपमेंटची वेळ आली तर जमीन कोणाची हा वाद नाही.

मेंटेनन्स, पार्किंग, पाणी?

मेंटेनन्स महिना साडेसात हजार. प्रॉपर्टी टॅक्स लागतो, मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांना माफ आहे पण आपला ६१० आहे. पाणी सकाळी टाकीत येतं आणि घरात चोवीस तास. सोसायटीची ट्रान्सफरची फी आहे, प्रीमियम नियमाने जास्तीत जास्त २५ हजार, आमची सोसायटी तेवढाच घेते, डोनेशन वगैरे काही नाही.

पार्किंग हा कमजोर मुद्दा आहे. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांच्या मोकळ्या जागेत, जागा कमी आणि गाड्या जास्त, सोसायटी दरवर्षी चिठ्ठ्या टाकते. आम्हाला यंदा मिळालेली नाही. "पार्किंग फ्लॅटबरोबर विकतो" असं आम्ही म्हणणारच नाही, २०१० सालीच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की स्टिल्टचं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ते सोसायटीचं. दोन गाड्या असलेल्यांनी हे घर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. बाइक ठेवायला अडचण नाही.

गणपतीत राहता येतं का?

येतं, पण काय आहे ते ऐका. चिंतामणी १९२० पासून, गणेश गल्ली १९२८ पासून, लालबागचा राजा १९३४ पासून, हे तिन्ही आपल्या पायी अंतरात. ते दहा दिवस आंबेडकर रोडवर माणसांशिवाय काही दिसत नाही, गाडी दारापर्यंत येत नाही, पाहुणे आले तर स्टेशनवर जाऊन त्यांना घेऊन यावं लागतं. रात्री दोनला पण ढोल. विसर्जनाच्या दिवशी कोणाला हॉस्पिटलला न्यायचं असेल तर आधीपासून विचार करून ठेवावा लागतो, आईच्या डायलिसिसच्या वेळी आम्ही ते दहा दिवस मामाकडेच राहायचो.

आता दुसरी बाजू. आगमनाच्या दिवशी पूर्ण बिल्डिंग खाली असते, लहान मुलं कठड्यावर, म्हाताऱ्यांना खुर्च्या टाकून दिलेल्या, आणि शेजारची नवीन आलेली गुजराती फॅमिली सगळ्यांना सरबत देते. ज्यांना हे आवडतं त्यांना दुसरीकडे करमत नाही. ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी मात्र आवड लागेल या आशेवर घेऊ नये. शक्य असेल तर एकदा भाद्रपदात येऊन बघा आणि मगच ठरवा.

मार्च ते मे अजून एक गोष्ट असते, मसाल्याचा सीझन. मिरची गल्लीत डंकांवर म्हणजे कुटायच्या यंत्रांवर मसाला कुटतात, वारा आपल्या बाजूला असला की दुपारी खिडकी उघडली की ठसका लागतो. दम्याचा पेशंट असेल तर हे डोक्यात ठेवा. बाकीच्यांना तो वास घरचा वाटायला लागतो.

स्टेशन, ट्रॅफिक, मेट्रो?

ट्रेनसाठी जागा एकदम भारी. करी रोडला फक्त स्लो थांबते, पण परळ चालत जाता येतं आणि मार्च २०१९ पासून परळहून लोकल सुटतात, म्हणजे सकाळी बसायला मिळायची थोडी आशा. वेस्टर्नला जायचं तर पुलावरून लोअर परळ. फास्ट हवी तर दादर.

रस्त्याचं मात्र सध्या कठीण आहे. शिवडी-वरळी कनेक्टर या उंचावरून जाणाऱ्या रस्त्याच्या कामासाठी एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केला, तेव्हापासून त्याची सगळी गर्दी टिळक पूल, करी रोड पूल आणि चिंचपोकळी पुलावर आली. डिलाइल रोडचा पूल २०१८ ला बंद होऊन २०२३ च्या नोव्हेंबरात पूर्ण सुरू झाला, ती पाच वर्षं आम्ही काढलीत, त्यामुळे "लवकरच होईल" असं मी कोणाला सांगणार नाही. झालं की मात्र शिवडीहून अटल सेतू आणि इकडे वरळी, दोन्ही जवळ येणार हे खरं आहे. अटल सेतू जानेवारी २०२४ पासून चालू आहे, नवी मुंबईत नोकरी असणाऱ्यांना आत्ताच फायदा.

मेट्रो ३ वरळी-महालक्ष्मीच्या बाजूने जाते, आपल्याकडून चालत नाही, टॅक्सी किंवा बस करावी लागते. कोणी तुम्हाला "मेट्रो टच" म्हणून लालबागचा फ्लॅट दाखवला तर नकाशा उघडा.

पाणी भरतं का?

हिंदमाता चौकात भरायचं, सगळ्या मुंबईला माहीत आहे. पालिकेने जमिनीखाली मोठ्या टाक्या केल्यापासून फरक पडलाय पण भरतीत जोराचा पाऊस आला तर दादरकडे जाताना अडकायला होतं. आमच्या गल्लीत घोट्यापर्यंत येतं आणि ओसरतं. २६ जुलै २००५ ला तेव्हाच्या चाळीत तळमजल्यावर गुडघाभर होतं. आता मीटर रूम आणि पंप वर घेतलेत.

एरिया बदलतोय म्हणतात, मग रेट वाढणार का? थांबलो तर?

रेट किती वाढेल ते मी सांगणार नाही आणि जो छातीठोक सांगतो त्याच्याकडून घेऊ नका. एरिया कसा बदललाय ते सांगू शकते, ते मी खिडकीतून बघितलंय.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, कामगार नेते दत्ता सामंतांचा, अडीच लाखाच्या आसपास कामगार. बाबा त्यात होते. गिरणी परत मिळालीच नाही, पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली. मग २००१ ला नियम बदलला की गिरणीच्या मोकळ्या जमिनीचाच हिस्सा शहराला आणि घरांसाठी द्यायचा, बांधकामाखालची जमीन त्यातून बाहेर, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदल कायम ठेवला. तिथून टॉवर भराभर वर गेले. लोअर परळला मॉल आणि ऑफिसं आली, त्या ऑफिसांत काम करणारे लोक आता इकडे घरं शोधतात. गिरणी कामगारांची बरीच मुलं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. आमच्या चाळीतल्या अर्ध्याहून जास्त घरांनी मिळालेला फ्लॅट विकलाय आणि आता आम्हीही विकतोय, आईला ठाण्याला माझ्याजवळ ठेवायचंय, तिची तब्येत हेच कारण, एरियाबद्दल तक्रार नाही.

पुढे काय? एन. एम. जोशी मार्ग, वरळी आणि नायगावच्या बीडीडी चाळींचं काम चालू आहे, वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. काळाचौकीला अभ्युदय नगरची म्हाडा कॉलनी रिडेव्हलपमेंटच्या वाटेवर आहे. आमच्या समोरच्या तीन चाळींतही मीटिंगा चालू आहेत. म्हणजे तुमच्यासाठी थेट अर्थ हा की हॉलच्या खिडकीतून आज जी गिरणीची चिमणी आणि आकाश दिसतं ते काही वर्षांत दिसणार नाही, तिथे टॉवर येणार. धूळ, ड्रिलिंग, सिमेंटचे मिक्सर येणार. व्ह्यूचे पैसे मी किमतीत धरलेले नाहीत, तुम्हीही धरू नका. किचन आणि दुसरी बेडरूम मागच्या बाजूला आहेत, तिकडे शेजारच्या सोसायटीचं मोकळं आवार आहे, तिथला उजेड राहील.

बदलातलं चांगलंही आहे. केईएम, टाटा, वाडिया ही हॉस्पिटलं जवळ हे आधीपासूनच होतं, आता रात्री उशिरापर्यंत औषधाची दुकानं, बायकांना रात्री अकराला स्टेशनवरून चालत यायला रस्ता जागा असतो. मला त्याचं फार वाटतं.

सोसायटीत लोक कसे आहेत? व्हेज सोसायटी आहे का? आमच्या धर्माच्या लोकांना चालेल का?

व्हेज सोसायटी नाही, रविवारी जिन्यात मटणाचा वास आणि बुधवारी कोळणीची हाक. जुने चाळीतले लोक मराठी, बरेचसे कोकण आणि घाटावरचे, नवीन आलेल्यांत गुजराती, मारवाडी, दोन ख्रिश्चन फॅमिली, एक मुस्लिम डॉक्टर. आम्ही कोणाला नाव, आडनाव बघून नाही म्हणणार नाही, आणि सोसायटीलाही धर्म-जातीवरून मेंबरशिप नाकारता येत नाही.

जुने आणि नवीन यांच्यात कुरबुर होते हे मात्र खरं. जुन्यांना मेंटेनन्स जड जातो, नवीन लोकांना जिम आणि सीसीटीव्ही हवेत. एजीएममध्ये आवाज चढतात. पण लिफ्ट बंद पडली तेव्हा आईची औषधं नवव्या मजल्यावर कोण आणून द्यायचं तर चौथ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा, ज्याला मराठी येत नाही.

घरात दोष काय आहेत?

पश्चिमेच्या भिंतीला, मोठ्या बेडरूममध्ये, पावसात ओल यायची. बाहेरून वॉटरप्रूफिंग केलं, मागचा पावसाळा कोरडा गेला, तरी आतल्या प्लास्टरवर डाग आहे तो मी रंगवून लपवलेला नाही, बघून घ्या. कॉमन टॉयलेटची टाइल एका ठिकाणी पोकळ वाजते. किचनचा ओटा जुना, ग्रॅनाइटचा, आईच्या उंचीला केलेला म्हणून बुटका आहे, उंच माणसाची कंबर दुखेल.

भाड्याने द्यायला म्हणून घ्यावं का?

टाटा आणि केईएममुळे भाडेकरू कायम मिळतात, पण आजच्या किमतीत भाड्यातून ईएमआय निघणार नाही, जवळपासही जाणार नाही. स्वतः राहिला नाहीत तर सोसायटी सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते. आम्हाला मनातून राहायला येणारं कुटुंब हवंय, म्हणून दोन सारख्या ऑफर आल्या तर राहणाऱ्याला देऊ.

बघायला कधी यायचं आणि पुढे कसं?

शनिवार-रविवार, आधी मेसेज करून. एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी सहानंतर या, ट्रॅफिक आणि आवाज दोन्ही कळतील. घरातल्या मोठ्या माणसांना पहिल्याच वेळी आणा, लिफ्ट आहे. पटलं तर टोकन चेकने, त्याची पावती आणि दोन ओळींचं लिहून घेऊ की वकिलाला टायटलमध्ये काही सापडलं तर टोकन पूर्ण परत. मग अ‍ॅग्रीमेंट, रजिस्ट्रेशन, तुमचं लोन डिस्बर्स, आणि पूर्ण पैसे आले त्या दिवशी चावी. फ्लॅट रिकामाच आहे. पंखे, गीझर, मोठ्या बेडरूममधलं कपाट आणि किचनमधल्या ट्रॉल्या राहतील, देव्हारा आणि बाबांची आरामखुर्ची आम्ही नेणार. ब्रोकर मध्ये नाही, त्यामुळे ब्रोकरेजही नाही, आणि ब्रोकर मंडळींनी कृपया "पार्टी आहे" म्हणून फोन करू नये.